स्वयंभू गंधार : एका कंठातील दोन स्वरांचा इतिहास

तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. पंचम, जोडीच्या दोन तारा आणि खर्ज एवढ्या चार तारांचे हे वाद्य. परंतु त्याची जवारी नीट लागली असेल आणि खर्ज आपल्या जागी स्थिरावला असेल, तर त्या खर्जातूनच कोणीही न छेडलेला गंधार हळूहळू ऐकू येऊ लागतो. गवयांनी त्याला स्वयंभू गंधार असे नाव दिले. ज्या मूर्तीला टाकीचा घाव लागलेला नाही ती स्वयंभू, या अर्थाने लोकभाषेत रुळलेला हा शब्द संगीतात आला तो विचारपूर्वक आला असला पाहिजे. जो स्वर कोणी निर्माण केलेला नाही, जो आधीपासून होताच आणि ज्याच्याकडे कान लागण्याचाच काय तो अवकाश होता, त्याचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

मानवी कंठातूनही असाच स्वयंभू स्वर काढता येतो, एकच माणूस एका वेळी खालचा आणि वरचा असे दोन स्वर लावू शकतो, ही गोष्ट भारतातील शहरी जिज्ञासूंना अलीकडच्या काही दशकांत परिचयाची झाली. बेंगळुरूसारख्या, योगाभ्यास आणि विज्ञान या दोहोंची परंपरा असलेल्या शहरात या आवाजाकडे ध्यानाचे आणि आरोग्याचे साधन म्हणून पाहणारे लोक आहेत. त्यांच्या अपेक्षेचे मोल ठरवायचे, तर हा आवाज कोणकोणत्या वाटांनी येथवर आला आणि तो शिकवणाऱ्यांनी तो कशासाठी शिकवला, हे आधी पाहावे लागते. या वाटांपैकी एक देवगिरी आणि मिरजेवरून जाते, दुसरी बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतून, आणि तिसरी ल्हासाहून निघून म्हैसूरजवळच्या हुणसूरला येऊन थांबते.

नादाचा विचार शरीरापासून सुरू करण्याची प्रथा महाराष्ट्राला नवी नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' रचला. पहिल्या अध्यायात स्वरांकडे वळण्यापूर्वी तो पिंडाची उत्पत्ती सांगतो. मन देहातील अग्नीला चेतवते, अग्नी वायूला प्रेरणा देतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा व मुख या स्थानांतून वर चढत नादरूपाने प्रकट होतो, असा त्याचा क्रम आहे. याच ठिकाणी तो एक महत्त्वाचा भेदही करतो. आघाताविना असणारा अनाहत नाद योग्यांचा; तो मुक्ती देतो, परंतु रंजन करीत नाही. म्हणून संगीतशास्त्राचा विषय आहत नाद. साधनेचा नाद आणि गायनाचा नाद यांच्या सीमा शार्ङ्गदेवाने अशा प्रकारे आखून दिल्या. त्याच शतकाच्या अखेरीस 'ज्ञानेश्वरी'च्या सहाव्या अध्यायात अनाहताचे जे वर्णन येते, ते या सीमेच्या पलीकडच्या बाजूचे आहे. तंबोऱ्यातील गंधार मात्र ही सीमा अवघड करून ठेवतो, कारण खर्जाची तार आहत असली, तरी गंधारावर आघात कोणीच केलेला नसतो.

हा गंधार ऐकू येण्याजोगे वाद्य घडवण्याचे काम मिरजेच्या कारागिरांनी केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तेथे सतारी आणि तंबोरे बनवण्यास प्रारंभ केला. शस्त्रांना धार लावण्याचा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांचे हात घोडीचा पृष्ठभाग घासू लागले. जवारी लावणे म्हणजे घोडीचा माथा अशा बेताने घासणे, की तार त्यावरून सुटताना एका बिंदूवर टेकू नये. तिने किंचित उताराला स्पर्श करीत कंप पावावे. तारेखाली सरकवलेला सुताचा धागा हा स्पर्श नेमका साधतो, आणि कारागिरांच्या बोलीत त्या धाग्याला 'जीव' म्हणतात. जीव केसभर पुढेमागे झाला तरी नाद मुका होतो. हे सारे ज्ञान कानात आणि बोटांत राहिले. त्याचे सूत्र कोणी लिहून ठेवले नाही. या कारागिरीची ओळख म्हणून २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेतच स्थायिक झालेले उस्ताद अब्दुल करीम खाँ हे या नादाचे सर्वांत मोठे उपासक होत. त्यांच्या किराणा घराण्याची गायकी एकेका स्वरावर रेंगाळणारी, आणि त्या रेंगाळण्याचा आधार तंबोरा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींच्या मापनाचे जे काम आरंभले आणि १९१० साली पुस्तकरूपाने मांडले, त्याला खाँसाहेबांच्या गळ्याची साथ लाभली. देवल आणि त्यांचे सहकारी असलेले इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांचा भर एका गोष्टीवर होता : तंबोऱ्यातून आपोआप निघणारा गंधार आणि पेटीचा गंधार एक नव्हेत. हिशेबाने पाहता पेटीचा गंधार अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्श्याने चढा असतो. हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. तंबोऱ्यासमोर बसून पेटी छेडली की तो कानाला बोचतो. किराण्याची ही श्रवणदृष्टी पुढे कुंदगोळच्या सवाई गंधर्वांपर्यंत आणि त्यांच्याकडून हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्यापर्यंत पोचली; मराठी आणि कन्नड मुलखांची सीमा तिला कधी जाणवली नाही.

कानाने जे जाणले होते त्याचे कारण सांगण्याचे काम चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केले. प्रकाशाच्या विकिरणावरील शोधामुळे त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले; परंतु त्याआधीची अनेक वर्षे त्यांच्या संशोधनाचा एक मुख्य विषय ध्वनी हा होता. त्यांच्या पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. कोलकात्यात असताना १९२१ साली रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. कोणतीही तार छेडली असता मूळ नादाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा गतीने कंप पावणारे सहायक नाद उमटतात, हे भौतिकशास्त्राला ठाऊक होतेच. जेथे तार छेडली त्या बिंदूवर ज्या सहायक नादाचे कंपन शून्य असते, तो नाद उमटू नये, असा रूढ नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे रामन यांनी दाखवून दिले. रुंद, उतरत्या घोडीवर तार घासत कंप पावत असल्याने दडलेले सहायक नादही तेथे पुन्हा जागे होतात. शिकलगारांची जवारी म्हणजे काय, याचे उत्तर त्यात होते.

१९३३ साली रामन बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तेथे भारतीय विज्ञान अकादमीची स्थापना केली. या अकादमीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्यांचा मृदंग व तबल्यावरील निबंध आहे. साध्या ताणलेल्या चामड्यातून निघणारे नाद परस्परांशी विसंवादी असतात. मधोमध चढवलेल्या शाईच्या वजनाने त्यांना सुसंवादाच्या पंक्तीत बसवले जाते, हे त्यांनी त्यात सिद्ध केले. या वाद्यांचे अनाम निर्माते ध्वनीचे जाणते प्रयोगकर्ते होते, असा त्याचा अर्थ होतो. स्वयंभू गंधार हा खर्जाचा पाचवा सहायक नाद : खर्जाच्या पाचपट गतीचा, दोन सप्तके वरचा, शुद्ध गंधार. एवढ्या एका आकड्याने मिरजेचा तंबोरा बेंगळुरूच्या प्रयोगशाळेशी जोडला गेला. त्याच आकड्याशी एका तिबेटी मठाचाही संबंध आहे, हे समजण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

तिबेटातील गेलुग पंथाचे प्रवर्तक चोंखापा यांचे शिष्य शेराब सेंगे यांनी १४३३ साली ग्युमे, म्हणजे खालचे तंत्रविद्यालय, स्थापन केले. वरचे विद्यालय ग्युतो हे १४७४ मधले. गुह्यसमाज, चक्रसंवर आणि वज्रभैरव या तंत्रांचे पठण तेथे अतिशय खालच्या, गडगडत्या आवाजात होते. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या झो नावाच्या जनावराच्या हंबरण्याची उपमा तिबेटी परंपरा या आवाजाला देते. तो ल्हासातच राहिला असता, तर बाहेरच्या जगाला त्याची वार्ता कदाचित कधीच लागली नसती. १९५९ च्या उठावानंतर दलाई लामांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी भारतात आले. दोन्ही तंत्रविद्यालयांतील मोजके भिक्षू डलहौसीला एकत्र आले. ग्रंथ पाठीवरून आणता येतात. आवाज आणायचा तर तो ज्याच्या गळ्यात आहे तो माणूसच जिवंत यावा लागतो. वाटेत जो भिक्षू दगावला त्याच्याबरोबर त्याची तालीमही गेली.

डलहौसीच्या या निर्वासित मठात १९६४ साली धर्मांचे अमेरिकन अभ्यासक ह्यूस्टन स्मिथ आले. पहाटेच्या पठणात समूहाचा आवाज थांबून एकच लामा गाऊ लागला, तेव्हाही अनेक स्वर एकत्र ऐकू येत राहिले, आणि ते चकित झाले. त्यांनी नेलेले ध्वनिमुद्रण मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेत वाणीचे अभ्यासक केनेथ स्टीव्हन्स यांनी तपासले आणि १९६७ साली त्याचा निष्कर्ष अमेरिकेतील ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मूळ नाद सेकंदाला सत्तरच्या आसपास कंपनांचा. आणि मुखविवराच्या विशिष्ट आकारामुळे त्याचा पाचवा सहायक नाद इतका उठावदार होतो, की तो स्वतंत्र स्वर म्हणून ऐकू येतो. हा पाचवा नाद म्हणजे गंधार. मिरजेच्या तंबोऱ्यात जो कानाने शोधावा लागतो, तोच हिमालयातील लामाच्या कंठातून उघडपणे निघत होता. पुढील मापनांत ग्युतोच्या भिक्षूंचा कल दहाव्या नादाकडे, म्हणजे पुन्हा गंधाराकडेच, तर ग्युमेच्या भिक्षूंचा कल बाराव्याकडे, म्हणजे पंचमाकडे, असल्याचे दिसून आले. इतका खालचा नाद कंठातून कसा निघतो, याचाही उलगडा नंतर झाला. स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर एरवी निष्क्रिय असणाऱ्या दोन घड्या असतात; त्या निम्म्या गतीने कंप पावू लागल्या की आवाज एक सप्तक खाली उतरतो, असे स्वीडनमधील अभ्यासकांनी १९९८ साली मांडले.

तोवर या परंपरेचा मुक्काम दक्षिणेकडे हलला होता. तत्कालीन म्हैसूर राज्याने तिबेटी निर्वासितांना जमीन दिली आणि १९६० पासून बैलकुप्पे येथे वसाहत उभी राहिली. १९६६ मध्ये मुंडगोड येथे आणि सत्तरच्या दशकारंभी हुणसूर तालुक्यात आणखी वसाहती झाल्या. सेरा बैलकुप्प्याला, ड्रेपुंग आणि गांदेन मुंडगोडला, तर ग्युमे हुणसूरजवळच्या गुरुपुराला स्थिरावले. जंगल तोडून मक्याची शेती करीत भिक्षूंनी हे मठ बांधले. पहिल्या तीन मठांतून गेशे ही पदवी घेतलेले विद्वान तंत्रविधीच्या शिक्षणासाठी आजही तंत्रविद्यालयांत जातात. नवा भिक्षू हा आवाज ज्येष्ठांच्या रांगेत बसून, ऐकून, वर्षानुवर्षे पठण करीत मिळवतो. यांग-यिग नावाच्या, नदीच्या वळणांसारख्या रेषांच्या लिपीत पठणाचे चढउतार नोंदलेले असतात. पण ती लिपी ज्याला आवाज आधीच ठाऊक आहे त्यालाच वाचता येते. पहाटेच्या अंधारात खर्जाचा रियाझ करणाऱ्या शिष्याला हे सारे ओळखीचे वाटेल.

तरीही एक भेद लक्षात घेतला पाहिजे. ग्युमेचा भिक्षू हा आवाज स्वतःच्या प्रकृतीसाठी लावत नाही, आणि श्रोत्याच्या आनंदासाठी तर नाहीच. विधीत देवतेचे ध्यान करताना सर्व प्राणिमात्रांच्या कल्याणासाठी केलेले ते अर्पण असते. ध्यानाचे आणि उपचाराचे साधन म्हणून एका कंठातील दोन स्वरांचे शिक्षण देण्याची कल्पना त्याच सुमारास दुसरीकडे जन्माला आली. व्हिएतनाममध्ये जन्मलेले संगीतशास्त्रज्ञ त्रान क्वांग हाय यांनी १९६९ पासून पॅरिसमध्ये मंगोलियाच्या खूमी गायनाचा अभ्यास आरंभला आणि कोणालाही काही बैठकांत प्राथमिक स्वरूपात शिकता येईल अशी पद्धत बसवली. खूमीचा वरचा स्वर शिटीसारखा पातळ आणि स्पष्ट. तो जिभेच्या व ओठांच्या हालचालींनी निवडता येतो. अमेरिकेत डेव्हिड हाइक्स यांनी १९७५ साली 'हार्मोनिक कॉयर' हा वृंद स्थापून या नादांना ध्यानसंगीताचे रूप दिले. ऐंशीच्या दशकात ग्युतोच्या भिक्षूंचे परदेश दौरे झाले, त्यांच्या पठणाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. मध्य आशियातील पशुपालकांचे गाणे, तिबेटी तंत्रविधी आणि भारतीय नादयोग यांचे एकत्र मिश्रण होऊन जे शिक्षण तयार झाले, ते मग जगभर पसरले आणि भारतातही पोचले. बेंगळुरूच्या वर्गातील जिज्ञासूला ते प्राचीन भारतीय विद्या म्हणून भेटते. हुणसूरचा मठ तेथून काही तासांच्या अंतरावर असला, तरी या शिक्षणाची वाट पॅरिस आणि न्यूयॉर्कहून आलेली असते.

या मिश्रणाला केवळ नावे ठेवणे न्याय्य होणार नाही. सहायक नाद कोणा पंथाच्या मालकीचे नाहीत. ते प्रत्येक बोलणाऱ्याच्या प्रत्येक स्वरवर्णात आहेत. 'ई' आणि 'ऊ' हे एकाच सुरात म्हटले तरी वेगळे ऐकू येतात, ते मुखविवर वेगवेगळ्या सहायक नादांना उठाव देते म्हणूनच. त्रान यांनी ही विद्या गूढतेच्या पडद्याआडून बाहेर काढली, हा त्यांचा उपकार मानला पाहिजे. प्रश्न उपचाराच्या दाव्याचा आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचे काम काही अंशी बेंगळुरूतच झाले. तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्राथमिक अभ्यासात, ओंकाराच्या उच्चारणाच्या वेळी भावनांशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागांची सक्रियता घटल्याचे चुंबकीय प्रतिमांतून आढळले. केवळ 'स्स्' असा ध्वनी काढताना तसे झाले नाही. त्याआधी २००१ साली इटलीतील अभ्यासकांनी रोझरीची लॅटिन प्रार्थना आणि 'ओम् मणि पद्मे हूम्' हा मंत्र यांची तुलना केली होती. दोहोंच्या पठणाने श्वास मिनिटाला सहाच्या आसपास स्थिरावतो आणि रक्तदाबाचे नियमन करणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक कार्यक्षम होते, असे त्यांना दिसले. स्वीडनमध्ये २००२ साली, गुंजन केले असता नाकातील नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण शांत उच्छ्वासाच्या तुलनेत पंधरा पटींपर्यंत वाढते, असे आढळले. हठयोगातील भ्रामरीचा विचार करणाऱ्यास हे सूचक वाटावे.

या सर्व निष्कर्षांची मर्यादा स्पष्ट आहे. हे अभ्यास लहान गटांवरचे आहेत आणि ते मुख्यतः निरोगी माणसांवर झाले आहेत. दीर्घ उच्छ्वास, गुंजन आणि एकाग्रता यांनी चित्त व शरीर शांत होते, एवढे त्यांच्या आधारे म्हणता येते. अमुक सहायक नादाने अमुक व्याधी बरी होते, असे म्हणण्यास त्यांत आधार नाही. आजाऱ्याला औषधापासून दूर नेणारा नादोपचार हा नादाचाही अपमान आहे. शिवाय घसा ताणून खालचा आवाज काढण्याच्या हट्टाने स्वरतंतूंना इजा होऊ शकते. ती टाळण्यासाठीच जुन्या परंपरांनी वर्षांची सवड आणि जाणत्याचा कान यांची अट घातली होती.

मग या शिक्षणातून उरते ते काय? मिरजेचा कारागीर, बेंगळुरूचा शास्त्रज्ञ आणि हुणसूरचा भिक्षू यांनी एकमेकांना कधी काही शिकवले नाही. तिघांची उद्दिष्टे भिन्न, भाषा भिन्न. तरी तिघांच्या विद्येचा आरंभ एकाच कृतीने होतो : जे आधीच वाजत आहे त्याकडे कान देणे. कारागीर घोडी घासतो आणि थांबून ऐकतो. रामन यांनी रूढ नियमावर भिस्त न ठेवता तार छेडून ऐकली. नवा भिक्षू ज्येष्ठांच्या रांगेत बसतो आणि तोंड उघडण्यापूर्वी पुष्कळ काळ ऐकतो. या नादांत मन शांत करण्याचे जे सामर्थ्य असेल, ते बहुधा या ऐकण्याच्या पोटी येत असावे. स्वतःचा आवाज काढता काढता त्यातील न काढलेला स्वर ऐकायचा, तर माणसाला आपला जोर कमी करावा लागतो. घाईने आणि बळाने तो स्वर सापडत नाही. शार्ङ्गदेवाने योग्यांचा नाद आणि गायकांचा नाद यांत जी सीमा आखली, तिच्यावरच हा गंधार उभा आहे. तो रंजनही करतो आणि अंतर्मुखही करतो. मात्र दोहोंपैकी कशाचीही मागणी केली की मावळतो.

ग्युमेच्या इतिहासातील बरे होणे याहून वेगळे आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही प्रयोगशाळेत झालेली नाही. पाचशेहून अधिक वर्षे एका नगरात राहिलेला आवाज मोजक्या थकल्या गळ्यांतून हिमालय ओलांडून आला, डलहौसीच्या थंडीत टिकला आणि कर्नाटकातील मक्याच्या शेतांशेजारी जन्मलेल्या मुलांच्या कंठात उतरला. ज्यांनी ल्हासा कधी पाहिले नाही त्यांच्या पठणातही त्या पाठशाळेचा पंचम उमटतो. घर गमावलेल्या समाजाने आपला आवाज गमावला नाही, ही या नादाच्या सामर्थ्याची निर्विवाद साक्ष होय. बेंगळुरूच्या एखाद्या वर्गात डोळे मिटून गुंजन करणाऱ्या विद्यार्थ्याला हे ठाऊक असेल, तर आपल्या गळ्यातून निघालेला क्षीण वरचा स्वर ऐकताना तो केवळ स्वतःच्या स्वास्थ्याचा विचार करणार नाही. हा स्वर आपल्यापर्यंत कोणी सांभाळून आणला, याचेही स्मरण त्याला राहील.